डाव्या सीटचं कुशन

"मामंजी, हे कुणाच्या बुडाचं माप घेतलंय हो? पार वाकडं आहे की!"

असं मी म्हणाले आणि वर हसले. हळू नाही, चांगली खदाखदा. माझा आवाज मुळातच मोठा. जयसिंगपूरला आमच्या अण्णांचं कुशनचं दुकान हमरस्त्यावर. रिक्षा, टेम्पो, ट्रक, सगळ्यांच्या सीटा आम्ही करायचो. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या ड्रायव्हरशी बोलायचं म्हणजे घसा लागतोच. तर तो घसा त्या दिवशी शेडमधून सुटला तो थेट अंगणात गेला, आणि अंगणात माझ्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हातातला पाना उलटासुलटा करून बघायला लागले. आमचे हे, दिनकरराव, दाराशी उभे होते. त्यांना जोराचा खोकला आला आणि ते खोकत खोकत बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

"सीट आहे ती," मामंजी पान्याकडं बघत म्हणाले. "माणसाला बसायला."

"माणूस असा बसतो होय? डावीकडं खड्डा, उजवीकडं उंचवटा. साचाच चुकलाय तुमचा."

आता हे मी कुणाला म्हणाले? ज्यांनी उभा जन्म फाउंड्रीत पॅटर्न मेकर म्हणून काढला त्यांना. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना लागतो, तो नमुना करणारा माणूस. त्यांचा साचा चुकला असं कोल्हापुरात कुणी म्हणालं नव्हतं, आणि मी, घरात येऊन एक दिवाळी झालेली सून, कमरेवर हात ठेवून म्हणत होते. मामंजी रागावले नाहीत. उलट त्यांनी बाहेर अंगणाकडं एक नजर टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं, की माझी कीव आली असावी त्यांना.

गाडीचं सांगते. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, मामंजी पुण्याला गेले. तिथल्या कुणा हौशी माणसानं सुट्या भागांतून गाडी करायला घेतली होती आणि कंटाळून सोडली होती. ती यांनी टेम्पोत घालून आणली. गाडी कसली, तुकडे. बॉनेट एका कोपऱ्यात, दारं एका कोपऱ्यात, सगळं फायबरचं, पाण्याच्या टाकीसारखं. खाली लोखंडी सांगाडा, त्यात भंगारातल्या फियाटचं इंजिन. वर टप नाही, मागं जागा नाही. दोनच माणसं बसायची. मामंजींनी एकेक तुकडा बसवला, घासला, निळा रंग दिला. सीटा तेवढ्या त्यांनी स्वतः साचा करून फायबरच्या ओतल्या. उजवी त्यांच्या मापाची होती, ती ठीक होती. डावी ही अशी.

"शालन," मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कुशनचं काम येतं न्हवं? तुझ्या अण्णांनी शिकवलं असंल की."

"अण्णांना कुणी शिकवलं ते विचारा," मी म्हणाले. तसं काही नव्हतं, पण बोलून गेले.

"मग दोन कुशनं करून दे. काढता-घालता येतील अशी. फायबर कडक लागतं. तुझ्या आत्याबाई कडक आहे म्हणून बसत न्हाईत, असं मला वाटतंय." मग पाना खाली ठेवून म्हणाले, "ती एकदा बसली पाहिजे. एवढंच राहिलंय बघ माझं."

ते असं म्हणाले आणि माझी मस्करी जागच्या जागी जिरली. कारण आत्याबाईंचं दुखणं मला ठाऊक होतं. पूर्वी कधी तरी नदीवर धुणं धुताना त्या घसरल्या, कमरेचं हाड मोडलं आणि जुळलं ते तिरपं जुळलं. एस.टी.च्या बाकावर त्यांना बसवत नसे. राधानगरीकडं त्यांची धाकटी बहीण होती, तिचं तोंड बघून वर्षं झाली होती. ती बहीणही थकलेली, तिला इकडं येववत नव्हतं. आणि आता त्या बहिणीच्या नातवाचं बारसं आलं होतं. मामंजींच्या मनात एकच होतं, बायकोला गाडीत घालून बारशाला न्यायची. आणि आत्याबाई त्या गाडीकडं ढुंकून बघत नव्हत्या. शेडवरून जाताना पदर डोळ्यांपर्यंत ओढून जायच्या, जणू आत गाडी नाही, सवत ठेवलीय.

"बसवते की नाही बघा," मी म्हणाले. "असं कुशन करते की आत्याबाई उठायचं नाव घेणार नाहीत."

"एक ऐकशील?" मामंजी म्हणाले. "आकार धरून कर. वरून नुसता पातळ थर दे. खड्डा बुजवू नको."

"मामंजी, साचा तुमचा, कुशन माझं."



त्या दिवसापासून घरात एक गंमत सुरू झाली. आत्याबाई माझ्याशी बोलेनात. म्हणजे बोलायच्या, पण भिंतीशी. "कुणाला चहा पाहिजे असला तर चुलीवर आहे." "कुणाला केस विंचरायचे असले तर अंगणात विंचरावेत, गुंता आमटीत जातोय." मी चक्रावून गेले. आदल्या आठवड्यापर्यंत ही बाई मला शालन शालन करत होती, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत होती.

ह्यांना विचारलं. "अहो, माझं काय चुकलं?"

"कुणास ठाऊक," हे म्हणाले आणि पुन्हा खोकला.

"तुम्हाला दम्याचं औषध सुरू करू या का?"

"नको नको. तू कुशन कर."

केलं. अण्णांकडून जड काम करणारं मशीन मागवलं, शेडमध्ये मांडलं. बायकांच्या ब्लाउजवर चालणारं मशीन रेक्झिनपुढं रडतं, त्याला दांडगं मशीनच लागतं. आधी उजवी सीट घेतली. जुनी वर्तमानपत्रं सीटमध्ये दाबून बसवली, खळीनं एकमेकांना चिकटवली, खडूनं रेघा मारल्या, कापून काढली. झाला कागदाचा नमुना. मामंजी बाजूला उभं राहून बघत होते. "पॅटर्नच की गं हा," म्हणाले, आणि खूश झाले. फोम कापला, सोल्युशननं चिकटवला, तांबड्या रेक्झिनचा अभ्रा, त्याला पांढरी पायपिंग, खालून पट्ट्या आणि हुक. मामंजी बसून बघतात तो त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. फोम जाड झाला होता, माणूस वर आला होता. तो निम्मा केला, मग बसले व्यवस्थित.

यावरून शहाणं माणूस शिकलं असतं. मी शिकले नाही.

डाव्या सीटचा नमुना काढला तेव्हा तो कागद टेबलावर सरळ पडेना. एक बाजू वर, एक बाजू खाली. मी मनात म्हटलं, दुखऱ्या माणसाला काय पाहिजे? मऊ पाहिजे आणि सपाट पाहिजे. खड्ड्यात फोमचे थर भरले, एकावर एक. उंचवट्यावर अगदी पातळ. वरून सगळ्यावर एक अखंड गादी. अभ्रा चढवला, पट्ट्या आवळल्या. मग शेडमधली गवंड्याची पाणसळ उचलली आणि सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"बघा मामंजी! रेषेत आलं की नाही?"

मामंजींनी बुडबुड्याकडं बघितलं, मग कुशनवरून हात फिरवला.

"आकार गेला की गं सगळा," ते म्हणाले.

"गेला म्हणजे? घालवला मी!"

काय ती माझी शेखी! ह्यांना बोलावून बसवलं. हे बसले, दोन उसळ्या मारल्या, म्हणाले, "झकास." ह्यांचं हाड सरळ. ह्यांना काय, दगडावर बसवलं तरी झकासच.

आणि आत्याबाई रोज माझ्या डोळ्यांसमोर बसत होत्या. जमिनीवर, उजव्या मांडीखाली जुन्या लुगड्याची जाड घडी घालून. कधी खुर्चीवर नाही, कधी पाटावर नाही. ती घडी मी स्वतः रोज उन्हात टाकत होते आणि उचलत होते. पण मला वाटायचं, सवय असेल एखादीची. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

बारशाच्या दिवशी सकाळी मामंजी टोपी घालून, गाडी शेडबाहेर काढून, पुसून उभे. गल्लीतली पोरं जमली, पोरांमागं बायका जमल्या. आत्याबाई स्वयंपाकघरात.

"मला त्या डबड्यात बसायचं नाही," त्या चुलीला म्हणाल्या.

मी पुढं झाले. "आत्याबाई, तुम्ही माझ्याशी बोलू नका, चालेल मला. पण एक सांगा. नवी सून घरात पहिला भात करते, तो कच्चा राहिला तरी सासू खाते की नाही?"

आत्याबाईंनी भिंतीकडं बघितलं. "खाते."

"मग माझं ह्या घरातलं पहिलं काम हे. तुमच्यासाठी केलंय. त्याच्यावर एकदा बसायचं. नाही पटलं तर उठा. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

"भात पोटात जातो," आत्याबाई म्हणाल्या. "हे असलं चारचौघांत जातंय."

शेजारच्या बायाक्का दारात येऊन उभ्याच होत्या. गल्लीत काही होणार असलं की त्या आधी येऊन उभ्या असायच्या. "बस की गं," त्या म्हणाल्या. "पोरगी मरमर मरून राबलीया. आणि बहीण वाट बघत बसली असंल तिकडं. किती दिवस धरून बसणार आहेस?"

बहिणीचं नाव निघाल्यावर मात्र आत्याबाईंनी चूल विझवली. मग उठल्या, इरकली नेसल्या, काठी घेतली आणि बाहेर आल्या. मामंजींचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण मुलगी बघायला आलेला नवरदेवसुद्धा इतका घाबरलेला नसतो. त्यांनी दार उघडून धरलं. मी आणि बायाक्कांनी हात दिला. आत्याबाई गाडीत शिरल्या आणि माझ्या तांबड्या, पांढऱ्या पायपिंगच्या, बुडबुडा मधोमध असलेल्या कुशनवर टेकल्या.

"आई आई गं!"

मी ऐकलं ते एवढंच. त्या सपाट गादीनं त्यांची डावी बाजू वर उचलली आणि आख्खी बाई उजवीकडं कलली ती थेट स्टिअरिंगवर. हॉर्न वाजला. वाजला तो अडकलाच. भोंऽऽऽ करून सगळ्या गल्लीत तो हॉर्न, वर आत्याबाईंचं ओरडणं, खाली पोरांचं हसणं. लांबच्या घरांतली माणसंसुद्धा बाहेर आली. ह्यांनी बॉनेट उघडून वायर उपटली तेव्हा कुठं गाडी गप्प झाली. आम्ही दोघी-तिघींनी आत्याबाईंना धरून बाहेर काढलं. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी, आणि मामंजींना म्हणाल्या,

"ह्या गाडीनं दुसऱ्यांदा माझी शोभा केली. समाधान झालं तुमचं?"

"दुसऱ्यांदा?" मी म्हणाले. "पहिल्यांदा कधी केली?"

हे खोकले.

आणि बायाक्कांनी दोन्ही हात वर केले. "हे बघा, शपथ तिनं स्वतः मोडली! समद्या गल्लीला देवीची शपथ घातली होतीस न्हवं, विषय काढायचा न्हाई म्हणून? आता तूच काढलास. मी मोकळी!"

"बायाक्का!" आत्याबाई ओरडल्या.

पण बायाक्का आता ऐकतात होय? इतकी वर्षं त्यांच्या पोटात ते उकळत होतं.

"अगं शालन, संक्रांत होती. हिच्या घरी हळदीकुंकू. आम्ही समद्या नटूनथटून आलो तर घर उघडं आणि ही कुठं न्हाई. हाका मारल्या तर शेडमधून आवाज आला, 'हिकडं आहे मी, येऊ नका!' येऊ नका म्हटल्यावर कोण थांबतंय? गेलो. तर ही बया प्लास्टरात बसलेली!"

"प्लास्टरात?"

"भलंमोठं खोकं, त्यात पांढरं प्लास्टर, मधे प्लास्टिकचा कागद आणि त्यात ही, कमरेपर्यंत. तुझ्या सासऱ्यानं घटकाभर बस म्हणून बसवली, सीटचा साचा काढायला. आणि ते प्लास्टर आवळून बसलं की दोन्ही अंगांनी! हिला उठता येईना. वर ते तापलेलं. ही ओरडतीया, भाजतंय, भाजतंय! आम्ही म्हटलं, हातोडा आणा, फोडा. तर हा बाबा साच्याच्या आडवा उभा. म्हणतो कसा, 'साचा फोडायचा न्हाई!'"

गल्लीतल्या बायकांनी हसता हसता भिंती धरल्या. आमच्या गल्लीत कुणी हट्टाला पेटलं की लोक 'साचा फोडायचा न्हाई' का म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस मला ती कोल्हापूरची म्हण वाटत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हटलं सण आहे, सवाष्णीला तशी कशी सोडायची? तिथंच हळदीकुंकू लावलं, तिथंच तिळगूळ दिला, वाण ओटीत टाकलं. मग पुरुषांना बाहेर काढलं, खोबऱ्याचं तेल ओतलं आणि ओढून काढली. लुगडं राहिलं आत!"

सगळी गल्ली हसत होती. मी नव्हते हसत. माझ्या कानात माझाच घसा वाजत होता. हे कुणाच्या बुडाचं माप घेतलंय हो? पार वाकडं आहे की! अंगणातले तांदूळ आठवले. भिंतीशी चाललेलं बोलणं आठवलं. वाटलं, रस्ता दुभंगावा आणि मला मशीनसकट पोटात घ्यावं.

"मी भाजत होते," आत्याबाई म्हणाल्या. त्या हळू बोलल्या, पण सगळे ऐकायला थांबले. "मी भाजत होते आणि ह्यांना साच्याची काळजी. बायको मेली तरी चालंल, साचा जगला पाहिजे. गल्ली हसली त्याचं मला काही नाही. हे तसं म्हणाले, त्याचं लागलं."

मामंजी टोपी काढून उभे होते.

मला माझा राग आला, मामंजींचा आला, सगळ्यात जास्त त्या कुशनचा आला. "जळ्ळं मेलं ते कुशन!" म्हणून मी वाकले, खालचे हुक सोडले, पट्ट्या ओढल्या आणि ते तांबडं धूड उपसून रस्त्यावर फेकलं. सीट उघडी पडली. फायबरची, राखाडी, एका बाजूला खड्डा, एका बाजूला उंचवटा.

तेवढ्यात आत्याबाईंचा पाय थरथरायला लागला. कमरेतून कळ आली असणार. "खुर्ची आणा कुणी तरी," बायाक्का ओरडल्या, हे घरात धावले. पण आत्याबाईंना तेवढा धीर नव्हता. काठी सुटली, दार हातात होतं, आणि त्या मागच्या मागं त्या उघड्या सीटवर बसल्या.

मी त्यांना धरायला पुढं गेले.

"थांब," त्या म्हणाल्या. "हात लावू नको."

आम्ही सगळे बघत राहिलो. आत्याबाईंनी पाय आत घेतले. आधी उजवीकडं किंचित सरकल्या, मग डावीकडं, आणि थांबल्या. पाठ टेकली. त्यांची पाठ कशाला टेकलेली मी त्या घरात आल्यापासून बघितली नव्हती. हे खुर्ची घेऊन आले आणि ती तशीच हातात धरून उभे राहिले.

"अहो," आत्याबाई म्हणाल्या. "दुखत नाही."

मामंजी जवळ आले.

"हे तेच आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"तेच," मामंजी म्हणाले. "तुझंच आहे ते. दुसऱ्या कुणाला बसायचं न्हाई त्यात. तुला कुठल्याच बाकावर बसवत न्हवतं, म्हणून काढला साचा. फोडला असता तर तू परत बसली असतीस प्लास्टरात?"

"मेले असते तरी बसले नसते."

"म्हणून फोडू दिला न्हाई."

आत्याबाईंनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडतील. रडायला मीच लागले होते, बायाक्का पदरानं नाक पुसत होत्या. पण आत्याबाई कसल्या?

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं?" त्या कडाडल्या. "तोंडात प्लास्टर होतं तुमच्या?"

"तू बोलू दिलंस? विषय काढलात तर माझं मेलेलं तोंड बघाल म्हणालीस."

"म्हणाले असेन. म्हणून काय ऐकायचं असतं?"

मामंजी टोपी घालून आपल्या बाजूला गेले आणि स्टिअरिंगमागं बसले.

"शालन," आत्याबाई म्हणाल्या. भिंतीला नाही, मला. "वाकडं म्हणालीस न्हवं त्या दिवशी?"

"चुकलं आत्याबाई. मला ठाऊक नव्हतं हो, तुमचं..."

"वाकडंच आहे. खरं ते खरं. पण हळू बोलायला शीक, पोरी. ते तुझं कुशन दे हिकडं."

मला काय आनंद झाला! धावत जाऊन रस्त्यावरून कुशन उचललं, धूळ झटकली. "घालू परत? खड्ड्यातला फोम काढते, घटकेत होईल."

"हात लावशील सीटला तर बघ. पायाखाली घेते."

आणि घेतलं. माझी पांढरी पायपिंग, माझी दुहेरी शिलाई, जयसिंगपूरच्या कुशनवाल्याच्या लेकीची सगळी शेखी आत्याबाईंनी दोन्ही टाचांखाली घेतली आणि म्हणाल्या, "आता उंची बरोबर झाली. बघत काय बसलाय? चालू करा. बारसं दुपारी आहे, पोराचं लग्न लागल्यावर पोचायचं आहे का?"

गाडी निघाली. हॉर्नची वायर तुटलेली, त्यामुळं गल्लीच्या टोकापर्यंत आत्याबाईच ओरडत होत्या, "सरका बाजूला, सरका!" आम्ही दोघं मागून एस.टी.नं गेलो. पोचलो तेव्हा त्या दोघी बहिणी गाडीतच बसल्या होत्या. आत्याबाई आपल्या जागी, बहीण मामंजींच्या. बारसं आत चाललं होतं, पण त्यांना उतरायला सवड नव्हती. मामंजी मांडवात पंगतीला बसलेले, आणि पुन्हा पुन्हा मान वळवून बाहेर बघत होते.

त्या सीटवर आत्याबाई शेवटपर्यंत उघड्या फायबरवरच बसल्या. आता दोघंही नाहीत. गाडी शेडमध्ये आहे, चालू आहे. मुलगा म्हणतो, ती डावी सीट बदलू या, कुणालाच बसता येत नाही. खरंच नाही येत. जो बसतो तो दाराकडं कलतो. मी बदलू देत नाही. कधी कधी जाऊन मीच बसते, कलते आणि उठते.

गेल्या वर्षी माझीही कंबर गेली. जन्मभर मशीनवर वाकल्याचं फळ. डॉक्टरनं पट्टा दिला, तो टोचतो. खुर्ची चालत नाही, सोफा चालत नाही, सगळीकडं मीच केलेली कुशनं आहेत आणि एकावर बसवत नाही. एक दिवस वैतागून ह्यांना म्हणाले, "अहो, प्लास्टर आणा."

ह्यांना जोराचा खोकला आला. खोकत खोकत बाहेर गेले. मला वाटलं, गेले ते गेले. पण तासाभरानं रिक्षा वाजली आणि रिक्षातून प्लास्टरच्या दोन गोण्या उतरल्या.

"दोन कशाला?" मी म्हणाले. "आत्याबाईंना एकच लागली होती म्हणतात."

"माप बघून आणल्यात," हे म्हणाले.

मी बोलणार होते काही तरी, पण हळू बोलायला शीक म्हणाल्या होत्या ना त्या. म्हणून गप्प बसले, खोबऱ्याचं तेल काढून ठेवलं आणि उठून आधी कॅलेंडर बघितलं. संक्रांत लांब होती.